टोकाच्या खडकाखाली

गोवा घटकराज्य झाला त्या वर्षीच्या थंडीत केरीच्या खडकांत भाल्याने मासे मारणारे चारपाच जण होते. पण कपारीत दडणारा गोबरा हटकून कुठे मिळतो, हे एकट्या शाणूला ठाऊक. ओहोटीला फेस कुठे उलटा फिरतो, पाणी कुठे काळसर दिसतं, एवढ्यावरून तो जागा हेरायचा आणि मेला कुणाला म्हणून सांगायचा नाही. मेहुणा जयवंत महिनाभर मागे लागला होता. शेवटी वैतागून शाणूने त्याला भलतीच जागा दाखवली, टोकाच्या खडकाखालची. तिथलं पाणी ओहोटीला माणसाला आत ओढतं, हे शाणू जाणून होता. पण रिकाम्या हाताने येईल आणि नाद सोडेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

जयवंत सकाळी गेला तो आलाच नाही. दुपारपर्यंत अख्खं गाव वाळूच्या बाजूला शोधत राहिलं आणि शाणूही मुकाट्याने त्यांच्यात फिरत राहिला. जागा सांगायची तर तिथे पाठवलं कोणी, तेही सांगावं लागलं असतं. अखेर राहवेना तेव्हा तो सरळ टोकाला गेला. पहिल्याच बुडीत जयवंतचा गार हात त्याच्या हाताला लागला.

"नजर असावी तर शाणूसारखी," किनाऱ्यावर कोणीतरी म्हणालं.

शाणूची बायको पद्मावती भावाच्या केसांतली वाळू काढत होती. तिने मान वर केली नाही.

"'भावोजींनी जागा दाखवलीय,' असं मला सांगून गेला होता तो," ती हळूच शाणूला म्हणाली. "कुठली ते बोलला नाही. सकाळपासून तुमच्या तोंडाकडे बघतेय मी."