दार उघडेपर्यंत

विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागातल्या मुलीने जाव्होनला त्याच्या निर्णयाच्या घोषणेचा मजकूर तयार करूनच पाठवला होता. वर त्याचा पळतानाचा फोटो, खाली 'सर्वप्रथम देवाचे आभार, मग माझ्या कुटुंबाचे, प्रशिक्षकांचे, सहकाऱ्यांचे', आणि अगदी शेवटी एकच वाक्य दोन तऱ्हांनी लिहिलेलं. एकात तो आत्ताच व्यावसायिक लीगमध्ये चालला होता, दुसऱ्यात चौथं वर्ष कॉलेजकडूनच खेळणार होता. नको ते वाक्य खोडायचं आणि सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत परत पाठवायचं. इतकं सोपं! ज्याला खोडायचं नसतं त्याला सगळंच सोपं असतं म्हणा.

जाव्होन सायक्स एकवीस वर्षांचा. अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या अकरा धटिंगणांतून वाट काढत सुटायचं, हे त्याचं काम, आणि त्या कामात अख्ख्या मिसिसिपीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लीगवाले त्याला आजच घ्यायला तयार होते. कॉलेजात अजून एक वर्ष तो मार खाल्ला आणि एखादा गुडघा गेला, तर लीगच्या नावाने आंघोळच करायची. हे शेंबडं पोरगंही सांगेल. जाव्होनलाही जायचंच होतं. अडलं होतं ते कोच रडिगरच्या एका वाक्यापाशी. शुक्रवारी त्यांनी त्याला खोलीत बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आम्ही तुला घडवलं, पोरा. एक वर्ष तरी आमचं देणं लागतोस की नाही?"

तेव्हापासून त्याला कुठलंच वाक्य खोडवेना. कारण कोच खोटं बोलत नव्हते. त्याला पहिल्यांदा मैदानात उतरवलं ते त्यांनीच, आणि गुडघा सुजला तेव्हा रोज येऊन बर्फ लावलाय की नाही ते बघणारेही तेच. अशा माणसाकडे पाठ फिरवून जायचं म्हणजे कृतघ्नपणा, असं त्याला मनापासून वाटत होतं.

शनिवारी त्याने घरी येऊन तो मजकूर आईला दाखवला. व्हर्लिंडा नुकतीच वृद्धाश्रमातल्या पाळीवरून आली होती. बूटसुद्धा काढले नव्हते.

"हे कुणी लिहिलंय?"

"ऑफिसातल्या मुलीने."

"म्हणजे आभार तुझे आणि तोंड तिचं? वा रे वा!" तिने फोन टेबलावर उलटा ठेवला. "या घरात आभार दारात उभं राहून मानतात, टोपी काढून. उद्या चर्चनंतर गाडी काढते मी. आधी आभार, मग काय खोडायचं ते खोड."

"हो मॅम," जाव्होन म्हणाला. शंभर किलोचं पोरगं, पण आईपुढे आवाज दुसरीतलाच.

रविवारी चर्चमध्ये वेगळीच गंमत झाली. व्हर्लिंडाने प्रार्थनेच्या यादीत 'जाव्होनच्या निर्णयासाठी' असं लिहून दिलं होतं. पास्टरांनी उत्साहाच्या भरात ते उपकारस्तुतीत, म्हणजे मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानतात त्यात, वाचून टाकलं. "आपलं लेकरू लीगमध्ये चाललं!" झालं, ऑर्गन सुरू, अख्खं चर्च उठून टाळ्या पिटतंय, पुढच्या बाकावरच्या बायका रुमाल हलवतायत. व्हर्लिंडाने पास्टरांकडे असं बघितलं की त्यांनी पुढचं भजन दोन कडव्यांत आवरलं.

"देवाला कळायच्या आधी यांना कळलं," गाडीत बसता बसता ती फणकारली.

पहिलं दार मिस अर्नेस्टीनचं. गणितात काठावर असलेल्या जाव्होनला तिने तीन वर्षं स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसवून शिकवलं होतं, नाहीतर शाळेने त्याला संघात घेतलंच नसतं. त्याने टोपी काढली, आभार मानले, आणि म्हणाला, "हे मी फेडू कसं?"

"फेडायचं काय त्यात? अपूर्णांक शिकवले ते तुला यावेत म्हणून. आले ना?"

"आले."

"मग झालं की! केक घेऊन जा. आणि मान खाली घालून उभा राहू नकोस, तुझ्यापेक्षा माझी उंची कमी आहे, मला सगळं दिसतं."

ती हसली, पण जाव्होनला हसू आलं नाही. ज्याच्या त्याच्या दारात जावं आणि ओझं वाढतच जावं, तसं त्याला वाटत होतं.

दुसरं दार मिस्टर क्लोव्हिसचं. म्हातारा ओसरीत बसून अक्रोडासारखी पिकॅनची फळं फोडत होता. चाळीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. जाव्होनचा सराव संपेपर्यंत इतर मुलांची बस कधीच निघून गेलेली असायची. मग क्लोव्हिस रिकामी बस घेऊन परत यायचा आणि त्याला गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यावर, सायक्सांच्या घरासमोर सोडायचा. व्हर्लिंडाची तेव्हा दुपारपाळी असायची, घरात कुणी नसायचं. पोरगं कुलूप काढून आत जाईपर्यंत, खिडकीतून हात वर करेपर्यंत बस तिथेच उभी राहायची. मग दोनदा भोंगा वाजवून निघायची.

"अरे देवा! दारातून मावतोस का रे आता?" क्लोव्हिस म्हणाला.

जाव्होनने टोपी काढली. "आभार मानायला आलोय, मिस्टर क्लोव्हिस. बसचे."

"बस शाळेची होती. शाळेचे मान."

"पण ती दुसरी फेरी..."

क्लोव्हिस नव्या पिकॅनकडे बघत राहिला.

"थांबा," व्हर्लिंडा म्हणाली. "ती शाळेचीच सोय होती ना?"

"तशी सोय नव्हती," क्लोव्हिस म्हणाला. "मी शाळेच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, पदरचं डिझेल घाल आणि मला काही सांगू नकोस."

"इतकी वर्षं मी शाळेला दुवा देतेय! आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?" ती पायरीवरच बसली.

जाव्होनला मात्र आता राहवेना. "बघा, हेच! तुम्ही हे केलंत, मिस अर्नेस्टीनने ते केलं, कोचनी तर किती केलं. ते म्हणतात, मी एक वर्ष देणं लागतो. लागतोच ना? मग नुसते आभार मानून निघून जाणारा मी कोण?"

क्लोव्हिसने हातातलं टरफल अंगणात भिरकावलं. म्हातारा चिडला होता.

"चार वर्षं सोडलं तुला त्या रस्त्यावर. एकदा तरी म्हटलं का मी, की आता माझ्याखातर अजून एक फेरी बसून राहा?"

"नाही सर."

"का नाही म्हटलं?"

जाव्होन टोपीची कड चाचपू लागला.

"अरे गाढवा, तू घरी पोचावास म्हणूनच तर गाडी होती! तू दार उघडून आत गेलास की माझं काम झालं. मग रात्री मला जेवण गोड लागायचं. यापरतं मला काय हवं होतं?"

"पण कोचना वाईट वाटेल."

"वाटू दे की! मलाही वाटायचं. तू उतरलास की एवढी मोठी बस आणि मी एकटा. म्हणून काय तुला बसवून ठेवायचं होतं?"

जाव्होन टोपी तोंडावर धरून रडला. दोन दिवस पोटात धरलेलं सगळं बाहेर आलं. व्हर्लिंडाने त्याला रडू दिलं, आणि क्लोव्हिसने पिकॅन फोडायचं थांबवलं नाही, पोराला लाज वाटू नये म्हणून.

मग तो अंगणाच्या टोकाला गेला आणि तिथूनच फोन लावला.

"कोच, मी चाललोय लीगमध्ये. आणि आभार. ते उद्या येऊन मानतो, तुमच्या दारात."

पलीकडे रडिगर खाकरले.

"गुडघ्याला बर्फ लावतोयस ना?"

"लावतो सर."

"लाव. तिकडे कुणी आठवण करणार नाही." मग ते म्हणाले, "ये उद्या. घरीच आहे मी."

जाव्होन परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. त्याने टोपी घातली.

"मिस्टर क्लोव्हिस, मला घरी सोडाल?"

"आणि मी काय इथे शोभेला उभी आहे?" व्हर्लिंडा म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. तिने केकचा डबा जाव्होनच्या हातात दिला. "मला नाहीतरी अर्नेस्टीनकडे जायचंय. पास्टरांबद्दल बोलायचंय."

आता बस नव्हती, क्लोव्हिसचा जुना पिकअप होता. खडीच्या रस्त्यावर, सायक्सांच्या घरासमोर क्लोव्हिसने गाडी थांबवली. ऊन अजून छान होतं. जाव्होन उतरला, केक सांभाळत दारापर्यंत चालत गेला, खिशातून किल्ली काढली. मागे इंजिन घरघरत उभंच होतं.

त्याने दार उघडलं, आत गेला, आणि खिडकीतून हात वर केला.

दोनदा भोंगा वाजला.