गंजाचा थर

गच्चीवर पोलादाच्या तीन लांबट कुंड्या, सात रोपं आणि एक खुर्ची होती. कुंड्या तिथे एकट्याच राहणाऱ्या निवृत्त ड्राफ्ट्समनने स्वतः पारखून घेतल्या होत्या. या खास जातीच्या पोलादावर बसणारा गंजच आतल्या धातूला राखतो, म्हणून तो कधी घासायचा नाही, हे त्याला पाठ होतं. थर घट्ट व्हावा म्हणून त्याने कुंड्या विटांवर ठेवल्या, खाली पाणी साचू दिलं नाही आणि आठ महिने वाट पाहिली.

रविवारी ताई आली. एरवी ती चहा संपायच्या आत उठायची.

“काय रे ही कुंड्यांची दशा! एकट्या माणसाचं घर असंच. तारेचा ब्रश आण.”

त्याने सांगायला तोंड उघडलं. पण घासायचं काम असेपर्यंत ती जाणार नव्हती. त्याने ब्रश आणून दिला.

“लहानपणी तुझे गुडघेसुद्धा मी असेच घासायचे. गल्ली डोक्यावर घ्यायचास.”

“तू कातडं सोलायचीस, ताई.”

ती हसली आणि दुसऱ्या कुंडीकडे वळली. तिसरी झाली तेव्हा तिन्ही कुंड्यांचा करडा धातू उघडा पडला होता.

त्या दिवशी ताई तीन तास वीस मिनिटं थांबली.