हळूच जाणारा चोर

अनुवादकाने आयुष्यात एकच शोध लावला होता आणि तो भेटेल त्याला ऐकवायचा. मराठीत चालायला शब्दच नाहीत.

"इंग्रजीत बघा," तो म्हणायचा. "टिपटो वेगळं, स्नीक वेगळं, क्रीप वेगळं आणि स्लिंक तर त्याहून वेगळं. आपल्याकडे काय? माणूस हळूच गेला. खेळ खलास!"

ऐकणारा मान डोलवायचा, घड्याळाकडे बघायचा आणि हळूच जायचा.

सध्या तो एका चोराच्या कादंबरीचा अनुवाद करत होता. मूळ पुस्तकातला चोर जागा बघून चाल बदलायचा. अनुवादातला मात्र एकदम सरळमार्गी. तो हळूच यायचा, हळूच जिना चढायचा, हळूच तिजोरीपाशी जायचा आणि पोलीस मागे लागले की हळूच पळायचा.

एके दिवशी दुपारी संपादकबाईंचा फोन आला. "तुमच्या चोराला संधिवात आहे का हो?"

"भाषेची मर्यादा आहे, बाई."

"भाषेची का? बरं. ती मर्यादा लवकर ओलांडा. नाहीतर हा चोर मी दुसऱ्या कुणाच्या तरी स्वाधीन करते."

फोन ठेवला तेव्हा अनुवादकाचं तोंड एवढंसं झालं होतं. थोर माणसांना हे सोसावंच लागतं, असं त्याने स्वतःला समजावलं आणि दुःखावर उतारा म्हणून चहा मागायला अनवाणीच स्वयंपाकघराकडे निघाला.

त्याची खोली मोक्याच्या जागी होती. स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं तर तिच्या दारावरूनच जावं लागे आणि दार कायम सताड उघडं. जो दिसेल तो सापडलाच. "एकच पान ऐक" म्हणून तो बसवून घ्यायचा. पान एकच असायचं, पण त्यावरचं विवेचन मारुतीच्या शेपटासारखं. अलीकडे मात्र घर फार शांत झालं होतं. "घरच्यांना माझ्या कामाची कदर आहे," तो मित्रांना अभिमानाने सांगायचा, "पाऊलसुद्धा वाजू देत नाहीत."

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आतून खुसुखुसु हसणं ऐकू आलं.

"बाबा, आज वाचलात का?" हा बायकोचा आवाज. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिला निघायची वेळ झाली होती.

"थोडक्यात वाचलो," त्याचे वडील म्हणाले. त्यांची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. "पाणी प्यायला निघालो, तर हा खुर्चीतून उठतोय! भिंतीला पाठ लावली आणि सरकत सरकत आलो. लिफ्टच्या खड्ड्यातसुद्धा इतका जपून कधी उतरलो नाही."

"माझ्या गुडघ्यांना कुठलं सरकायला जमतंय?" ही आत्या. आठ दिवसांच्या उपचारांसाठी आली होती आणि कायमची राहिली होती. "मी आपली दबकत येते. दाराशी थबकते. त्याची मान खाली गेली की चोरपावलांनी पुढे."

"मी चवड्यांवर," बायको म्हणाली. "चपला हातात. परवा त्याने हाक मारली, तर ऐकू न आल्यासारखं करून काढता पाय घेतला. जिन्यात पोचले आणि धूम ठोकली."

एखादा सभ्य माणूस असता तर तिथेच ओशाळून माघारी वळला असता. निदान खाकरला तरी असता. अनुवादकाला क्षणभर वाईट वाटलं खरं. लग्नाआधी हीच बाई बागेतल्या बाकावर बसून त्याची पानंच्या पानं ऐकायची. आता चपला हातात?

पण दुसऱ्याच क्षणी त्याला भलतंच सुचलं. त्याने दार ढकललं.

"आत्या, दाराशी काय करतेस म्हणालीस? थबकतेस?"

तिघांचे चेहरे पांढरेफटक पडले.

"कुठं काय रे," आत्या पुटपुटली.

"तसं नाही! पुन्हा सांग. आणि बाबा, ते सरकणं जरा करून दाखवा."

आधी सगळे लाजले, मग त्यांच्या अंगात आलं. वडील भिंतीला लागून सरकले, आत्या फ्रिजपर्यंत दबकत गेली, बायकोने दुकानात उशीर होईल म्हणून कळवलं आणि चवड्यांवर दोन फेऱ्या मारल्या.

"बाबा, थोडं हळू."

"हळू नको म्हणूनच तर फोन आला होता ना?" वडील म्हणाले. घरातल्या भिंती पातळ होत्या आणि फोनचा आवाज मोठा.

सुधारलेली प्रकरणं गेली. संपादकबाई खूश झाल्या. "आता चोर चोर वाटतोय. एवढे शब्द आणले कुठून?"

"व्यासंग, बाई," अनुवादक नम्रपणे म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला विचारलंच, "इतकं कंटाळवाणं असतं का गं?"

"पान नसतं," ती म्हणाली. "पान संपल्यावर तू सुरू होतोस, ते असतं."

मग त्याने नुसतं पान वाचायचं, असा तह झाला. ती समोर बसली. त्याने वाचलं, आणि खरंच बरं वाचलं. ती दोनदा हसलीसुद्धा. पान संपलं.

"आता इथे खरी गंमत अशी आहे की..."

ती उठली आणि त्याच्या डोळ्यांदेखत तरातरा निघून गेली. उरलेली गंमत त्याला मनातल्या मनातच सांगावी लागली. दुसऱ्या दिवशी मात्र ती आपण होऊन ऐकायला बसली. दाराजवळच्या खुर्चीत.