तिनेल्लोची मागची सीट

कारखान्याचे मालक बाराले साहेबांनी गाडीवरचं कापड ओढलं तेव्हा कुणीच हसलं नाही. हसले असते तर डेल्फिनाला परवडलं असतं. तोरिनो शहरातली गाडीवेडी माणसं हसली म्हणजे गाडी निदान त्यांच्या नजरेत भरली असं समजायचं. गप्प राहिली म्हणजे ती शब्द शोधताहेत, आणि शोधून आणलेले शब्द फार खोल लागतात.

गाडी उंच होती, बसक्या नाकाची, रंगाने दुधात भिजलेल्या बिस्किटासारखी. काचा दुकानाच्या असाव्यात एवढाल्या. दार एकच, फुटपाथच्या बाजूला, सरकतं आणि चांगलं ऐसपैस. पुढे मधोमध चालवणाऱ्याची एक सीट, आणि तिच्यामागे छोट्या टेबलाभोवती गोल मांडलेल्या पाच सीट. डेल्फिनाने गाडीचं नाव ठेवलं होतं तिनेल्लो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या ज्या चिंचोळ्या खोलीत टेबल, टीव्ही, इस्त्रीचे कपडे आणि घरातली सगळी भांडणं एकत्र मावतात, ती खोली म्हणजे तिनेल्लो. दिवाणखाना पाहुण्यांसाठी. माणसं राहतात ती तिनेल्लोत.

शेजारी दुसऱ्या कापडाखाली साहेबांच्या भाच्याने आराखडा काढलेली लाल, बुटकी, दोघांपुरती गाडी उभी होती. मोटार प्रदर्शनात बाराले कारखान्याला जागा मिळाली होती एकाच गाडीपुरती. दुपारी ट्रक येणार, एक गाडी चढणार. दुसरीचे पत्रे सुटणार आणि सांगाडा पुढच्या कामाला लागणार, कारण कारखाना लहान आणि सांगाडे महाग. डेल्फिनाने इथे आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या मुठी, आरसे आणि राखदाण्यांचे आराखडे काढले होते. अख्खी गाडी तिच्या वाट्याला आली ती ही पहिलीच. पन्नाशीच्या उंबरठ्यावर दुसरी येईल अशी आशा धरण्याइतकी ती भाबडी नव्हती.

बाराले साहेबांचा हात चांगला होता, पण स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास कधीच उडालेला. म्हणून त्यांनी 'गुरुवारचं टेबल' बोलावलं होतं. दर गुरुवारी एकाच कॅफेत जमणारी, जुन्या गाड्या पोटच्या पोरांसारख्या जपणारी ही डझनभर मंडळी आज जे बोलतील, ते सोमवारी गावातला प्रत्येक गाडीवाला स्वतःचं मत म्हणून सांगणार होता. टेबलाचा अध्यक्ष होता ग्वाल्तिएरो, दातांचा डॉक्टर आणि डेल्फिनाचा थोरला भाऊ. त्याचा आधार वाटावा असं काही नव्हतं. गाडीच्या बाबतीत तो सख्ख्या बहिणीची भीड ठेवणाऱ्यांतला नव्हता.

रीत ठरलेली होती. प्रत्येकाने हात न लावता गाडीभोवती एक फेरी मारायची, मग चालवायच्या सीटवर बसून स्टिअरिंगचं चाक धरायचं, डोळे मिटायचे, उतरायचं आणि एकच वाक्य बोलायचं. गाडी काढणाऱ्याने मात्र तोंड उघडायचं नाही. काढणारा समजावून सांगायला लागला म्हणजे गाडी मेली, असं या गावात मानतात.

पहिला गेला ओद्दोने, औषधांच्या दुकानाचा मालक. त्याने चाक धरलं, डोळे मिटले, उतरला.

"आमच्या चर्चमधल्या पापांच्या कबुलीच्या खोक्याला कुणीतरी चाकं लावलीत."

आता हसू फुटलं. डेल्फिनाने हात पाठीमागे घट्ट बांधले.

दुसरा म्हणाला, ही रस्ता चुकलेली ट्राम आहे. तिसऱ्याला ती बेकरीची गाडी वाटली, तीही सुट्टीच्या दिवसाची. चौथ्याने बराच वेळ चाक धरून ठेवलं आणि खाली उतरून सुस्कारा टाकला. "हिच्यात बसून माणूस म्हातारा होईल."

"तू आधीच झालायस," मागून कुणीतरी म्हणालं.

बाकीच्यांनीही अशीच वाक्यं टाकली. तुलिओची पाळी आली तेव्हा सगळे सावरून उभे राहिले. हा डेल्फिनाच्या वडिलांचा दोस्त. अर्धं आयुष्य वर्तमानपत्रात गाड्यांवर लिहिण्यात गेलेलं, जीभ अजून कात्रीसारखी. फेरी मारताना तो दोनदा थांबला. खांद्यावरून कोट ओघळत होता, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"पोरी," तो डेल्फिनाला म्हणाला, "तुझा बाप आज नाही ते बरं आहे."

बाराले साहेबांनी मान खाली घातली आणि लाल गाडीच्या कापडाचा कोपरा बोटांत धरला. भाचा नुसता उभा होता, पण त्याचे खांदे सैल झालेले डेल्फिनाला दिसले.

राहिला ग्वाल्तिएरो. तोही चालवायच्या सीटकडे निघाला आणि त्या क्षणी डेल्फिनाला उमगलं, सकाळपासून डोळ्यांना काय खुपतंय ते. एवढ्या माणसांत एकजणही मागे बसला नव्हता. मागे बसायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे चाक. मागची सीट बायकामुलांची आणि सासूची. घर बघायला यावं आणि कुलूप तेवढं हलवून परत जावं, तशी त्यांनी तिची गाडी पाहिली होती.

बापाच्या गाडीत मागे बसून ती लहानाची मोठी झाली होती. बापाचा चेहरा आठवायला तिला आजही जोर लावावा लागे. मान मात्र लख्ख आठवायची, कॉलरच्या वरच्या तिळासकट.

ग्वाल्तिएरो पोचायच्या आत ती पुढे झाली. चाकाखालची खीळ तिने दाबली, चाक उपसलं आणि छातीशी धरून बाहेर आली. नमुन्याची गाडी, चाक निघतंच.

"डेल्फी, हे काय चाललंय?" ग्वाल्तिएरो म्हणाला.

"मागे बस."

"अगं, रीत आहे ती."

"रीत मला पाठ आहे, दादा. मागे बस. तुलिओकाका, तुम्हीपण. ओद्दोने, तुम्ही कबुलीचं खोकं म्हणालात ना? मग आत बसल्याशिवाय काय कळणार?"

साहेबांचा आवाज चढला. "डेल्फिना, चाक जागेवर लाव."

"लावते. हे आधी बसू देत."

आपण तोंड उघडलं, गाडी मेली, तिला वाटलं. शेवटी तुलिओच हलला, पण तिला मान देण्यासाठी नव्हे. उभं राहून त्याचे पाय दुखत असावेत. तो वाकून आत शिरला आणि सीटवर कोसळल्यासारखा बसला. त्याच्या मागून कुरकुरत ओद्दोने, आणि सर्वांत शेवटी कपाळाला आठ्या घालून ग्वाल्तिएरो. गुडघ्याला गुडघे लागले. त्यांना समोर बघायला ना रस्ता, ना बॉनेट. होते ते फक्त एकमेकांचे चेहरे.

ग्वाल्तिएरोने तोंड उघडलं ते वाक्य टाकायला. पण ते बाहेर आलंच नाही.

"तुलिओ," तो म्हणाला, "केवढा बारीक झालायस तू."

"वय झालं."

"वयाने गाल असे बसत नाहीत. माझा धंदाच तोंडं बघायचा आहे."

"तुझा धंदा तुझ्या दवाखान्यात ठेव."

"तपासण्या केल्यास?" ओद्दोनेने विचारलं. तुलिओ टेबलावर बोट फिरवत राहिला. "केल्यास ना? आणि माझ्या दुकानात औषधाला आला नाहीस. म्हणजे नदीपलीकडच्या दुकानातून नेतोस. आम्हाला कळू नये म्हणून."

"परवा कापाकापी आहे," तुलिओ म्हणाला. "पोटाची. झालं समाधान?"

"दर गुरुवारी माझ्या शेजारी बसतोस तू!" ग्वाल्तिएरो ओरडला.

"शेजारीच बसतो ना? मग बघितलंस कधी? तुझं लक्ष खिडकीबाहेर, गाड्यांवर."

ग्वाल्तिएरोने हात लांबवून दार सरकवलं आणि ते बंद झालं. आता शब्द ऐकू येत नव्हते, पण त्या एवढाल्या काचांमधून दिसत सगळं होतं. ओद्दोने टेबलावर बुक्की मारत होता. तुलिओ चष्मा काढून पुसत होता आणि पुसून होऊनही घालत नव्हता. ग्वाल्तिएरोने त्याचं मनगट धरलं होतं, दुखऱ्या दातासाठी आलेल्या पोराचं धरावं तसं.

बाराले साहेबांच्या हातून कापडाचा कोपरा कधी सुटला ते त्यांनाच कळलं नसावं. डेल्फिनाला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. तुलिओकाकांचं दुखणं आपल्या गाडीच्या पथ्यावर पडावं, असं तिने कधी मागितलं नव्हतं.

दारात ट्रकचा भोंगा वाजला. चालक आत डोकावला. "साहेब, कुठली घ्यायची?"

साहेबांनी काचेवर टिचकी मारली. दार वीतभर सरकलं.

"तुलिओ, तुमचं मत तेवढं सांगा. ट्रक आलाय."

"दिसायला भयाण आहे," तुलिओ म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "मी शब्द फिरवणारा माणूस नाही. आणि दार लावून घे, आमचं बोलणं संपलेलं नाही."

दार बंद झालं. साहेबांनी काचेतून आत पाहिलं. तिघांतलं कुणीच उतरायच्या बेतात नव्हतं. मग भाच्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "तुझी पुढच्या खेपेला." भाच्याचा चेहरा पडला, आणि डेल्फिनाला त्याचंही वाईट वाटलं, आतून आनंदाची उकळी फुटत असतानाही.

"ही चढव," साहेब डेल्फिनाला म्हणाले. "आणि यांना खाली उतरवायची जबाबदारी तुझी."

"ते उतरणार नाहीत."

"मग घेऊन जा तशीच."

तिने चाक पुन्हा जागेवर बसवलं, खीळ दाबली आणि चालवायच्या सीटवर बसली. गाडीची मोटर माणसाच्या चालीने जाईल एवढीच. तिनेल्लो अंगणातून ट्रककडे निघाली. ट्रकची तिरकी फळी समोर आली. एवढ्या वजनाचा हिशेब कुणी केलाच नव्हता. मागे तिघेही एकदमच बोलत होते. ऑपरेशनला कोण सोबत जाणार, रात्री कोण थांबणार, आणि ओद्दोनेसारख्या घोरणाऱ्या माणसाला आजाऱ्याच्या खोलीत कोण शिरू देईल.

पुढची चाकं फळीवर चढली. मोटर कण्हली, थांबली, पुन्हा कण्हली. तिने मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्यातलंही कुणी पुढे पाहत नव्हतं.