स्वतंत्र खोली

गंधाली खोटे बोलत होती, याविषयी शर्मिष्ठाबाईंच्या मनात शंका उरली नव्हती. ती नेमके कशाविषयी खोटे बोलत होती, एवढेच काय ते शोधायचे राहिले होते.

सुनेला आठवा महिना लागला होता. घाटकोपरच्या एका मोठ्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत ती सूक्ष्मजीव विभागात होती, आणि साथीची तिसरी लाट चढत असताना, जानेवारीच्या त्या दिवसांत, रोज सकाळी मुलुंडहून रिक्षा करून कामावर जात होती. "मला स्वतंत्र खोली दिलीय, आई," असे तिने जेवणाच्या टेबलावर जाहीर केले होते. "नमुन्यांना हात लावायचा नाही, पेशंटसमोर जायचं नाही. नुसते अहवाल तपासायचे. खोलीत मी एकटी." देवदत्त, शर्मिष्ठाबाईंचा मुलगा, एवढ्यावर निश्चिंत झाला. मुलगे होतातच. शर्मिष्ठाबाई झाल्या नाहीत.

कारण सून संध्याकाळी घरी आली की चपला काढण्याआधी पाणी मागे. मागे म्हणजे काय, अंघोळीलाही न जाता, स्वयंपाकघराच्या दारातच उभ्याने तांब्या रिकामा करी. तिच्या नाकाच्या दांडीवर मास्कच्या तारेचा वळ लाल उठलेला असे आणि गालांवर पट्ट्यांच्या खुणा. एकटीच्या खोलीत बसणाऱ्या बाईने दिवसभर मास्क कोणासाठी घालायचा? आणि पाण्याची बाटली तिच्याबरोबर भरून दिलेली असताना ती जवळजवळ भरलेलीच परत का यावी?

विसंबावे असे कोणी उरलेही नव्हते. गरोदर बाईने लस घेऊ नये, असे आधी सांगण्यात आले. पुढे काही महिन्यांनी तीच लस तिने अवश्य घ्यावी, असे तितक्याच ठामपणे सांगण्यात आले, आणि गंधालीने ती घेतली. दुधाच्या पिशव्या साबणाने धुण्यात शर्मिष्ठाबाईंचे एक वर्ष गेले. नंतर कळले की पिशव्यांचा काही अपराध नव्हता. आता सरकारी कचेऱ्यांतल्या गरोदर बायकांना घरी बसायला सांगितले होते, खाजगीवाल्यांनी आपापल्या सोयीने अर्थ लावला होता, आणि विलगीकरणाचे दिवस रातोरात निम्मे झाले होते. विषाणूने दिवस कमी करून घ्यायला कधी मान्यता दिली, हे कोणी सांगत नव्हते. गंधालीच्या प्रयोगशाळेने तर एकाच महिन्यात आधी तिला घरी बसवले, मग परत बोलावले, मग ही खोली दिली.

हे सारे त्यांनी हसण्यावारी नेले असते. पण समोरच्या विंगेतली रश्मी त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये, सात महिन्यांची असताना, रश्मी स्वतःच्या पायांनी जिना उतरून इस्पितळात गेली होती. हातात बॅग होती आणि शर्मिष्ठाबाईंना तिने खालूनच हात हलवला होता. बाळ घरी आले. रश्मी आली नाही. तीही बँकेत "काचेच्या आड" बसत असे आणि तेही सगळ्यांना पुरेसे वाटले होते.

शर्मिष्ठाबाईंची सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. निवृत्त झाल्या तेव्हा त्या परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजच्या पर्यवेक्षक होत्या. हाताखालच्या मुली त्यांना वचकून असत, कारण बाईंना तारेवरून खोली ऐकू येते, अशी त्यांची ख्याती होती. त्यात जादू काही नव्हती. रिकामी खोली शब्द परत पाठवते, भरलेली खोली त्याची कड खाऊन टाकते, आणि माणूस तोंड फिरवून बोलला तरी ते आवाजाला लपवता येत नाही. मोबाइलवर मात्र यातले काही चालत नसे. मोबाइल खोलीच गिळून टाकतो. पण गंधालीच्या त्या आतल्या खोलीत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून तिने अडीअडचणीला तिथल्या जुन्या लँडलाइनचा नंबर घरी दिलेला होता.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत शर्मिष्ठाबाईंनी तो फिरवला.

"जेवलीस का गं?"

"हो आई, जेवतेच आहे. काही काम होतं?"

"काम कशाला लागतं? भाजी खारट झाली का, ते विचारायला केला."

"नाही, छान झालीय. ठेवू?"

एवढेच बोलणे झाले. पण रिसीव्हर ठेवल्यावर शर्मिष्ठाबाई तिथेच स्टुलावर बसून राहिल्या. गंधालीच्या आवाजामागे डब्यांची झाकणे वाजत होती, कोणी तरी कोणाची टर उडवत होते, पाच-सहा माणसे तरी हसत होती. आणि ते सगळे आवाज मोकळे होते. गेली दोन वर्षे दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाचा आवाज कापडातून गाळून येत होता. हे आवाज गाळलेले नव्हते. त्या खोलीत एकच आवाज कापडामागून येत होता, आणि तो, आपण जेवतो आहोत असे सांगणाऱ्या बाईचा होता.

रात्रीच्या जेवणात त्यांनी विषय काढला.

"एकटी बसतेस म्हणालीस. आज बरीच मंडळी होती."

गंधालीने आमटी वाढून घेतली. "कोणी तरी कागद द्यायला आलं असेल."

"डबे घेऊन?"

"आई," देवदत्त म्हणाला, "तू आता तिच्या ऑफिसवरही पाळत ठेवणार का? तुझं एक्स्चेंज बंद होऊन जमाना झाला."

"एक्स्चेंज बंद झालं रे. कान नाही झाले."

"तुम्हाला काय ऐकायचंय ते सांगा ना, आई," गंधाली शांतपणे म्हणाली. "मी नोकरी सोडते, असं? म्हणजे तुमचे कानही शांत आणि तुम्हीही."

ही मुलगी अशी तिखट कधी बोलत नसे. ते वाक्य शर्मिष्ठाबाईंनी मनात नीट बाजूला काढून ठेवले. मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसले की माणूस असे बोलतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी देवदत्त त्याच्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये अडकलेला असताना त्यांनी दोन मास्क एकावर एक चढवले, नारायणपेठी नेसली आणि रिक्षा केली. एलबीएस मार्ग मेट्रोच्या कामासाठी सगळा उखडलेला होता. पत्र्यांच्या कडेकडेने रिक्षा रांगत होती आणि शर्मिष्ठाबाई मनाशी जुळणी करत होत्या. तिला काउंटरवर बसवत असतील. कोणाची तरी रजा असेल आणि हिच्या गळ्यात ते काम टाकले असेल. किंवा खोलीत कोंडून घ्यायला नको म्हणून हीच हौसेने नमुने घेत असेल. तिन्हींपैकी कोणते, हे कळल्याशिवाय त्या परत फिरणार नव्हत्या.

प्रयोगशाळेच्या दारात रखवालदाराने त्यांच्या कपाळावर तापमापक रोखला. त्या त्याला गंधालीचे नाव सांगत होत्या, तोच आतून निळा अंगरखा घातलेली एक मुलगी रिकामा डबा धुवायला बाहेर आली. ते नाव ऐकून ती थबकली.

"तुम्ही गंधालीच्या सासूबाई ना? फोनवाल्या?"

"फोनवाली म्हणजे?"

"तसं नाही हो काकू. काल तुमचा फोन आला तेव्हा गंधाली आम्हाला हातानं गप्प करायला बघत होती. मी माधुरी. सॅम्पल कलेक्शनला असते." मुलगी हसली, मग हसू तसेच अर्धवट राहिले. "घरी सगळं बरं आहे ना? ती आतच आहे. बोलावू?"

"बोलावू नकोस. ती बसते कुठे, तेवढं दाखव."

माधुरीने मागे बघितले. व्यवस्थापक विद्याधर सामंत तोवर लगबगीने आलेच होते. चाळिशीचा, सरळ भांग पाडलेला, नियमाने चालणारा माणूस.

"काकू, आत सोडता येणार नाही. तुमच्याच भल्यासाठी. वय बघता..."

"माझं वय मला माहीत आहे. सुनेला स्वतंत्र खोली दिलीत म्हणे. ती लांबून बघते आणि जाते."

यात विद्याधरना अडचण दिसली नाही. उलट अभिमानच वाटला असावा. बोळाच्या टोकाशी नेऊन, अंतर राखून, त्यांनी दार ढकलले.

काचेची एकच खिडकी, तीही एअर कंडिशनरसाठी चिकटपट्टीने बंद केलेली. मधोमध लांब टेबल. टेबलाभोवती माणसे दाटीने बसून जेवत होती, मास्क हनुवटीखाली ओढलेले, एकमेकांच्या डब्यांत हात. आणि कोपऱ्यात, भिंतीला लावलेल्या मेजापाशी, टेलिफोनच्या शेजारी गंधाली. नाकापासून हनुवटीपर्यंत झाकलेली. पुढ्यात शर्मिष्ठाबाईंनी भरून दिलेला डबा, झाकण न उघडलेला.

"ही तर तुमची जेवणाची खोली," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या.

"हो, पण म्हणूनच तर," विद्याधर समजावू लागले. "काकू, आमच्याकडचा पहिला धडा असा की नमुना आणि अन्न एका जागी कधीही येता कामा नये. त्यामुळे सगळ्या मजल्यावर ही एकच खोली अशी, जिथे रक्ताची नळी किंवा स्वॅब कधी येतच नाही. सगळ्यात स्वच्छ खोली. नियमाप्रमाणे याहून सुरक्षित जागा आम्ही देऊच शकत नाही."

तो माणूस खोटे बोलत नव्हता. शर्मिष्ठाबाईंना ते त्याच्या आवाजावरून कळले आणि म्हणूनच त्या अधिक धास्तावल्या. ही सगळी शिकलेली मुले आयुष्यभर नळीला भीत आली होती. एकमेकांना भ्यायला त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

"नळीला बूच असतं, विद्याधरराव," त्या म्हणाल्या. "तुमच्या माणसांना या घटकेला नाही."

टेबलावरचे घास थांबले. एकदोघांनी मास्क वर ओढले. गंधाली उठली, टेबलाला वळसा घालून दारात आली आणि सासूबाईंच्या दंडाला धरून त्यांना जिन्यापाशी घेऊन गेली. जिन्याच्या खिडकीतून वारा येत होता.

"तुम्हाला मधुमेह आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सत्तरी उलटलीय. आणि तुम्ही तपासणीला आलेल्या माणसांच्या रांगेतून इथवर आलात."

"माझं सोड. तुला त्या खोलीत कोणी बसवलं?"

"कोणी नाही. मी मागून घेतली."

शर्मिष्ठाबाईंच्या तीन शक्यतांमध्ये ही नव्हती.

"सर मला रिपोर्टिंगला बाहेरच्या हॉलमध्ये बसवत होते," गंधाली म्हणाली. "मीच हट्ट केला. म्हटलं, जिथे नमुना येत नाही तिथेच बसेन. पहिल्या दिवशी दुपारी दार उघडलं आणि सगळे डबे घेऊन आत आले, तेव्हा ट्यूब पेटली. मग काय बोलू? इतकी वर्षं मी लोकांना सुरक्षिततेचं ट्रेनिंग देते. म्हणून मास्क काढला नाही. पाणी नाही, जेवण नाही. ते गेले की मी दार उघडं टाकायचे आणि तासाभराने खायचे."

"आठव्या महिन्यात उपाशी."

"उशिरा. उपाशी नाही."

"घरी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी मला कामावर जाऊ दिलं असतंत?"

शर्मिष्ठाबाईंना खोटे बोलण्याची सवय नव्हती. "नाही," त्या म्हणाल्या.

"आणि घरी बसले की बाळंतपणाची रजा आजपासून सुरू होते. आता जे दिवस जातील, ते नंतर बाळाजवळचे कमी होतील. मला ते नंतर हवेत, आई. तुम्हाला वाटतं मला नोकरीची हौस आहे."

खरे म्हणजे शर्मिष्ठाबाईंना तसेच वाटत आले होते. सून आपल्यापासून काही लपवते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. पण ती आपल्यालाच भिऊन लपवते, हे तारेवर ऐकू आले नव्हते. आत जाऊन विद्याधरना चार शब्द ऐकवावेत असे त्यांना वाटले, ते शब्दही जिभेवर तयार होते.

"मग आता तूच जाऊन सांग," त्या म्हणाल्या. "मी बोलले तर सासूने तमाशा केला म्हणतील. तू बोललीस तर ते तुझं काम असेल. मी इथेच उभी आहे."

गंधालीने त्यांच्याकडे क्षणभर संशयानेच पाहिले. मग ती बोळातून परत गेली. शर्मिष्ठाबाई जिन्यात उभ्या राहून ऐकत राहिल्या. आधी गंधालीचा आवाज अडखळला, मग चालू लागला. चूक माझीच होती, सर, असे ती म्हणाली, आणि या खोलीत आता कोणी मास्क काढायचा नाही, असेही. जेवण पाळीपाळीने गच्चीत. खिडकीची पट्टी आज काढायची. विद्याधर म्हणाले की कोणत्याच सूचनेत जेवणाच्या खोलीविषयी काही आलेले नाही. त्यावर माधुरीचा आवाज आला.

"येईल सर, पुढच्या आठवड्यात. तोवर गच्चीत ऊन झकास आहे." आणि मग, खालच्या पट्टीत, "इतके दिवस बोलली का नाहीस गं? आम्ही काय तुला खाणार होतो?"

त्या संध्याकाळी देवदत्तला जे कळायचे ते दोघींनी तुकड्यातुकड्यांत कळू दिले. त्याने आईकडे बघितले आणि एक्स्चेंजविषयी पुन्हा काही काढले नाही.

दुसऱ्या दिवशी गंधालीने जाताना स्वतःहून सांगितले, "जेवायच्या वेळी फोन करा. म्हणजे समाधान होईल तुमचं."

सांगितलेल्या वेळेवर फोन केला तर माणसे तयारीत असतात, हे शर्मिष्ठाबाई जाणून होत्या. त्यांनी थोडा आधीच केला.

"एवढ्यात? अहो आई, मी आत्ता कुठे डबा उघडला."

शर्मिष्ठाबाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. पलीकडे शब्द भिंतीला लागून परत येत होता. झाकणे वाजत नव्हती, कोणी हसत नव्हते, आणि गंधालीचा आवाज कापडाशिवाय, लग्न होऊन घरात आली तेव्हाच्यासारखा, लख्ख येत होता.

"खिडकी?" त्यांनी विचारले.

"तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून ऐका." रिसीव्हरची वायर ताणल्याचा आवाज झाला. मग रस्ता ऐकू आला. रिक्षांचे भोंगे, खाली पत्रा ओढत नेणारे कोणी तरी, आणि एक भंगारवाला.

"झालं?"

"नाही. आता जेव."

"फोन चालू ठेवून?"

"मी काही बोलत नाही. तू जेव."

पलीकडे गंधाली हसली की उसासली, हे शर्मिष्ठाबाईंना नीट ठरवता आले नाही. मग पोळीचा तुकडा मोडला गेला, घास चावला गेला, बाटलीचे झाकण फिरले, आणि सून पाणी प्यायली. शर्मिष्ठाबाई रिसीव्हर कानाला लावून स्टुलावर बसून राहिल्या. डब्याचे झाकण परत लागल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.