शाफ्टावरचे बाण

देव अक्कल वाटत हुता तवा आबासाहेब ट्रकला हार घालत बसला असंल. मी नूरमहंमद मिस्त्री. कोल्हारच्या रस्त्याला माझं गॅरेज हाय, अन् मी जे बोलतो ते तोंडावर.

खंडेनवमीला गाड्या समदेच धुत्यात. या शहाण्यानं मेव्हण्याकडून, पुंजारामाकडून, इंजिनाचा फेरा मागच्या चाकास्नी देनारा ट्रकखालचा लांब शाफ्टबी उपसून घेतला. घासला, लालभडक रंगवला, दिसंल तसा परत बसवला. मग ऊस भरून गाडी निघाली. जरा वेग घेतला की अशी थरथरायची, गिअरचा दांडा हातात नाचायचा!

"बन्सीचा हात वंगाळ," आबासाहेब म्हणाला. बन्सी त्याचा ड्रायव्हर. मिसरूड फुटल्यापास्नं त्याच्याच गाडीवर, घरात दुसरं कुनी कमावतं न्हाई.

"शाफ्ट खोलून बघू द्या," म्या म्हनलं.

"पूजा झालेली वस्तू खोलतोस व्हय रं? गप पाने फिरव." लगोलग त्यानं बन्सीकडून चावी काढली, पुंजारामाला दिली. बन्सी डबा उचलून पायीच घराकडं निघाला. माझ्या अंगाची लाही झाली.

लई दिवस न्हाई लागले. भरल्या उसासकट गाडी माझ्याच दारात बसली. शाफ्टाचा जॉईंट तुटलेला. ऊस उन्हात वाळतोय, अन् आबासाहेब घाम पुसतोय!

म्या शाफ्टाचा रंग खरवडला. शाफ्ट दोन तुकड्यांचा, जोडताना चुकू नये म्हनून दोन्हींवर कंपनीनं एकेक बाण कोरलेला असतो. बाण समोरासमोर बसवले की एका टोकाचा हिसका दुसरं टोक जिरवतं. हितं एक बाण वर, दुसरा बगलंला.

"हा बन्सीचा हात का?"

"बरं बरं. बसव आता."

"बन्सी आल्याबिगर पाना उचलनार न्हाई."

"पुंज्या, जा, बोलाव त्याला."

"पुंजाराम कशाला? चावी तुमी घेतली, तुमीच देऊन या."

गेला बाबा, धोतर सावरत. बन्सीला घेऊन आला, चावी हातात दिली, पन मान काय वर हुईना. म्या नवा जॉईंट घातला, बाण जुळवले. बन्सीनं गाडी फिरवून आनली. थरथर गायब.

"देवाचीच कृपा," आबासाहेब पुटपुटला.

जन्मात उलट न बोललेला बन्सी खिडकीतनं वाकला. "आबासाहेब, रंगवायची एवढी हौस असंल तर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवा. माझ्या गाडीखाली शिरू नका."

अन् ऊस घेऊन गेला.