उलटा फर्मा

बाइंडरकाकांनी चाळीस वर्षं पुस्तकं शिवली, पण कुणाला शिकवायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. अपंग मुलांसाठी केंद्र चालवणाऱ्या ताई दुकानात येऊन म्हणाल्या, "काका, शाळेत न रमलेली सहा मुलं आहेत. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला चालता येत नाही, कुणाच्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात. त्यांना हाताचं काम शिकवा." काकांनी भिडेपोटी मान डोलावली आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "फसलो."

केंद्रातल्या वर्गात पाच जण रुळले. चाकाच्या खुर्चीतला पोरगा तर इतका बोलघेवडा, की दुसऱ्याच दिवशी सगळे त्याला तात्या म्हणायला लागले. घोडं अडलं ते सहाव्या मुलीपाशी. पंधरा वर्षांची, दोन शाळा सोडून आलेली. जरा गलका झाला किंवा कुणाचा धक्का लागला, की कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसायची. तिची आई दाराबाहेरच्या बाकावर थांबायची. मंगळवारी ती काकांना म्हणाली, "भाऊ, शनिवारपर्यंत बघते. नाही रमली तर घरीच ठेवीन. रोज ओढत आणायचं, रोज रडत न्यायचं. आता माझ्यातही दम उरला नाही."

त्या दिवशी काकांच्या हातून पुस्तकं चिकटवायची खळसुद्धा धड शिजली नाही. गुठळ्याच गुठळ्या.

बुधवारी मुलगी टेबलाखाली गेली, तसे काकाही कागदांचा गठ्ठा घेऊन मागोमाग आत शिरले. गुडघे असे कडकडले, की तात्या वरून ओरडला, "काका, टेबल मोडलं की तुम्ही?"

"दोन्ही जुनीच आहेत," काका खालून म्हणाले.

मुलीकडे न बघता त्यांनी एक मोठा कागद तीनदा दुमडला आणि हाडाच्या पट्टीनं घडी दाबली. "एका कागदाची सोळा पानं. याला फर्मा म्हणायचं." मग पट्टी तिच्याजवळ ठेवून ते कसेबसे बाहेर आले.

दुपारपर्यंत टेबलाखालून चाळीस फर्मे आले. काकांनी एकेक उचलून बघितला. कोपऱ्यावर कोपरा असा बसलेला, की मध्ये नख शिरणार नाही. दुकानात किती कारागीर आले नि गेले, असा हात त्यांनी पाहिला नव्हता.

ऐकू न येणाऱ्या उंच पोरानं, लंबूनं, तिला कान झाकताना बघितलं होतं. त्यानं आपणहून फर्मे ठोकून बसवायच्या हातोडीच्या तोंडाला चिंध्या गुंडाळल्या. शुक्रवारी मुलगी वर आली आणि टेबलाच्या टोकाला बसली. सगळ्यांनी आपापलं काम चालू ठेवलं. तात्यानंसुद्धा आवाज खाली आणला, म्हणजे बघा!

तिनं दुमडलेल्या फर्म्यांवर सहाही जणांनी चित्रं काढली होती; शनिवारी त्यांचं पुस्तक बांधायचं होतं. काका सगळ्यांसमोर फर्म्यावर फर्मा ठेवून शिवत गेले. शेवटची गाठ मारली, खळीत ब्रश बुडवला, आणि पुस्तकाच्या पाठीला लावणार तोच मुलीनं त्यांचं मनगट धरलं. कुणाचा स्पर्श न सोसणाऱ्या मुलीनं!

"तिसरा उलटा," ती म्हणाली.

"अगं, काका चाळीस वर्षं..." ताईंनी सुरुवात केली.

काकांनी पुस्तक उघडलं. तिसऱ्या फर्म्यात तात्यानं काढलेलं स्वतःचंच चित्र होतं: खाली डोकं, वर पाय.

"वा काका! शाळेनं बाहेर काढलं, तुम्ही शीर्षासन करायला लावलंत!" तात्या म्हणाला.

"पुस्तक मिटलेलं होतं. तुला दिसलं कसं?" काकांनी विचारलं.

तिनं पुस्तकाच्या पाठीवर बोट ठेवलं. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर, वरच्या टोकाला, नखानं ओढलेली बारीक रेघ होती. तिसऱ्याची तेवढी खाली. त्या रेघा काका चार दिवस बघत होते. पोरीची खोड असेल, असं समजले होते.

"चुकलं माझं," म्हणत त्यांनी पातं तिच्या हातात दिलं. तिनं टाका न् टाका उसवला. कागदावर ओरखडासुद्धा उठला नाही.

तेवढ्यात आई पिशवी घेऊन आत आली. शनिवार सरला होता. "चल, निघू या," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"दोरा तुटलाय," मुलगी मान वर न करता म्हणाली. "सोमवारी शिवायचंय."

आईनं पिशवी खाली ठेवली. काकांनी ब्रश धुवायला घेतला. "थोडं लवकर आणा तिला," ते आईला म्हणाले. "नवा दोरा घालण्याआधी मला तिच्याकडून ती रेघ शिकून घ्यायचीय."